निराळ्या मनाची माणसे

या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आम्हांस यापूर्वी दोनदा आले, आणि दोन्ही वेळा विषय मजुरीचा व संपाचा होता. या खेपेस चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही विषय सांगितला तेव्हा ते थोडे घोटाळले. स्वमग्नता, कामाने माणूस आतून विझून जाणे, माणसामाणसांच्या मनाच्या घडणीतला फरक, या गोष्टी डॉक्टरांनी सांगावयाच्या. युनियनवाल्याने त्यांत का पडावे, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. प्रश्न रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकासमोर. तेव्हा निदान आणि औषध यांविषयी आम्ही अक्षरही बोलणार नाही. बोलणार आहोत ते इतिहासाविषयी, आणि तोही बराचसा आपल्याच दोन तालुक्यांच्या.

आज तलासरी तालुक्यात असलेल्या धामणगावात 1934 साली एका वारली घरात एक मुलगा जन्मला. सात वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि मुलाचे बोलणे थांबले. कित्येक वर्षे तो बोलला नाही. काही सांगावयाचे झाले की तो धुळीत चित्र काढी आणि समोरच्याने ते पाहून काय ते समजावे. अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्यास आला. हे जिव्या सोमा म्हसे. पुढे 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि 2018 च्या मे महिन्यात ते वारले तेव्हा जगभरच्या कलासंग्रहांत त्यांची चित्रे होती.

म्हसे यांना कोणते तरी आजचे नाव चिकटविण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. आई गेल्यावर मूल मुके होणे हे दुःखाने होते, आणि दुःख हा काही मनाच्या घडणीतला फरक नव्हे. आम्हांस वेगळेच कुतूहल आहे. मूल बोलेनासे झाल्यावर भोवतालच्या माणसांनी काय केले? इतके खरे की त्यांनी धुळीतले चित्र हे बोलणे म्हणून चालवून घेतले. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहावयाचा तो सवाशिणींनी. तांदळाच्या पिठाने, गेरू आणि शेणाने सारवलेल्या भिंतीवर, मध्ये पालघाट देवी. पुरुषाने रोज उठून, लग्न नसताना, चित्र काढीत बसावे अशी रीत नव्हती. म्हसे बसले. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर आले तेव्हा जो हात त्यांना सापडला तो असा वर्षानुवर्षे बसलेला हात होता. म्हशांनी काढलेले मासळीचे जाळे ज्यांनी पाहिले असेल त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. हजारो बारीक रेघा आणि एकही घाईची नाही.

यावरून पाडा म्हणजे निराळ्या माणसाचे माहेरघर, असा समज कोणी करून घेऊ नये. याच पाड्यांवर एकटी राहणारी, पुटपुटणारी, कोणाच्या नजरेला नजर न देणारी बाई भुताळी ठरे, आणि एखाद्या घरी मूल आजारी पडले की तिला मार बसे, कधी जीवही जाई. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. तीच धूळ, तेच अंगण; एकाचे मौन चालले आणि दुसरीचे चालले नाही. आणि शहाणपणाचा आव आणणाऱ्या आम्हां शहरवासीयांचे तरी काय? आमच्या लहानपणी आपला हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. जिल्ह्याच्या गावाचे नाव आम्ही मुले दोनच कारणांनी ऐकत असू. एक कचेरीचे काम, आणि दुसरे म्हणजे जरा विचित्र वागणाऱ्याला दिलेला दम, ‘ठाण्याला पाठवू.’ ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. तेथे चांगले काम करणारी माणसे होऊन गेली असतील. आमच्या कानी मात्र तो दमच आला.

म्हशांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, 1933 साली, अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी डोनाल्ड ट्रिपलेट हा मुलगा जन्मला. तो माणसांकडे पाहत नसे, ऐकलेले वाक्य तसेच्या तसे पुन्हा म्हणे, गोल वस्तू तासन्‌तास फिरवीत बसे, आणि आकडे त्याला तोंडपाठ असत. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली. त्यांत पहिले टिपण डोनाल्डचे. आपण आज मराठीत जिला स्वमग्नता म्हणतो तिचे वैद्यकातले खाते येथे उघडले. डोनाल्ड 2023 साली, वयाच्या 89 व्या वर्षी वारला. आयुष्यभर त्याने गावच्या बँकेत नोकरी केली, तो गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला, आणि गावकरी त्याला आपला म्हणत. ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा आम्हांस फार आनंद झाला. मग पुढे वाचले की त्या बँकेत त्याच्या घरच्यांची मालकी होती. मालकाच्या मुलाला खिडकीजवळची जागा मागावी लागत नाही.

पुढच्याच वर्षी, 1944 साली, व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिले. त्यांतल्या हुशार मुलांचे त्यांनी मोठे कौतुक केले आहे. परंतु 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, जी मुले कामाची होणार नाहीत असे त्यांना वाटले त्यांतल्या काहींना याच गृहस्थांनी श्पीगेलग्रुंड या संस्थेकडे पाठविले, आणि तेथे नाझी राजवटीत मुलांना मारून टाकीत. कामाचा आणि बिनकामाचा ही वाटणी एकदा सुरू झाली की ती कोठवर जाते ते यावरून ध्यानी यावे. त्याच 1944 साली मुंबईत जय वकील या बाईंनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मंदबुद्धी म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी शाळा काढली. ती आजही चालू आहे.

आता आपल्या घरी येऊ. सन 1945. बोर्डीस ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंस आढळले की वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण सहासात वर्षांचे मूल झाले की ते गुरांमागे जाते. शिक्षण खात्याची रीत अशी की मूल न आले तर ते गैरहजर. ताराबाईंनी उलट केले. गुरे जेथे चरतात तेथे शाळा नेली. तीच कुरणशाळा. गुरांकडे एक डोळा ठेवून मुलाने शिकावे. पाटीऐवजी जमीन, मण्यांऐवजी बिया, शंखशिंपले, पाने, खडे. लहानग्यांसाठी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली, आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची बालविकास योजना निघाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

हे आपल्यांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. या साधनांची वंशावळ मात्र फारशी कोणी सांगत नाही, ती सांगतो. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करीत. 1926 साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. त्यांची पद्धत मारिया माँटेसरी यांच्यापासून घेतलेली. माँटेसरीबाईंनी रोममध्ये 1907 साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढले, हे सर्वांस माहीत असते. पण त्याआधी त्या मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांना शिकवीत होत्या, आणि त्यांची साधने त्या मुलांसाठी होती. ती त्यांनी घेतली सेगँ या फ्रेंच शिक्षकापासून. सेगँ आणि त्याचे गुरू इतार यांचे लेखन बाईंनी स्वतःच्या हाताने उतरून काढले होते. आणि इतारपाशी विद्यार्थी कोण होता? 1800 साली दक्षिण फ्रान्सच्या रानात सापडलेला, एक शब्दही न बोलणारा मुलगा. त्याचे नाव पुढे व्हिक्टर ठेवले. पॅरिसच्या पंडितांनी त्याला जन्मजात जड ठरविले. इतार हा तरुण डॉक्टर त्याच्यापाशी काही वर्षे बसला. व्हिक्टर बोलावयास शिकला नाहीच. परंतु त्याला शिकविता यावे म्हणून आकार, रंग, स्पर्श यांची जी साधने इतारने योजिली, ती हातोहात येत येत कोसबाडच्या कुरणात शंखशिंपल्यांच्या रूपाने पोहोचली. व्हिक्टर स्वमग्न असावा, असे उटा फ्रिथ यांनी 1989 साली आपल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. काही असो. जी पद्धत आज शहरांतल्या महागड्या बालवर्गांची शोभा झाली आहे तिच्या मुळाशी न बोलणारा एक मुलगा आहे, आणि वाटेत तिने आपल्या तालुक्यात गुराख्यांची पोरे शिकविली.

याच 1945 साली, 23 मे रोजी, तेव्हा उंबरगाव तालुक्यात आणि आज तलासरीत असलेल्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तेथे वेठ न करण्याचा ठराव झाला. तो इतिहास या व्यासपीठावरून अनेकदा सांगून झाला आहे. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये उचलले म्हणून नवराबायको जन्मभर सावकाराकडे राबत ती लग्नगडीची चाल, ऑक्टोबरमधला तलवाड्याचा गोळीबार, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे बलिदान, हे सारे आम्ही पुन्हा सांगत नाही. आमच्या विषयाशी संबंध एवढाच की वेठीचा खरा अर्थ, माणसाचा वेळ त्याचा नसणे, हा आहे. हाक आली की उठावयाचे. जो दचकतो, जो ऐकून न ऐकल्यासारखा उभा राहतो, ज्याला हातातले काम अर्धे टाकून दुसरे धरता येत नाही, त्याच्या पाठीवर वळ उठणार हे ठरलेले. वेठ मोडली तेव्हा हा माणूसही सुटला, जरी त्याचे नाव कोणत्याही ठरावात नव्हते.

गवतकापणीच्या लढ्यात मागणी होती ती 500 पौंड गवताला अडीच रुपयांची. उक्त्या कामाचे आम्ही चाहते नाही. त्याने हाडे झिजतात. तरी एक गोष्ट कबूल करावी लागते. तराजूचा काटा गप्प माणसाला प्रश्न विचारीत नाही. तो कोणाशी बोलला, कोणाकडे पाहून हसला, कोणत्या बाजूने कापीत गेला, याची नोंद तराजू ठेवीत नाही. घरची माणसे सोबत असली म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढी. कारखान्याच्या पट्ट्यावर हे चालत नाही. पट्टा सर्वांना एकाच वेगाचे समजतो.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती सांगताना मान खाली जाते. फार वर्षे झाली. सीमेवरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तलासरीकडचा एक तरुण पॅकिंग खात्यात होता. शंभराची पाकिटे भरावयाची. त्याचे पाकीट कधी नव्व्याण्णवाचे निघाले नाही. तो खिडकीजवळच्या एकाच जागी बसे, डबा एकटा खाई, आणि विचारलेल्या प्रश्नाचे शेवटचे दोन शब्द परत म्हणे. सहा वर्षे सर्व सुरळीत होते. मग नवे यंत्र आले, बसण्याच्या जागा बदलल्या, पाळ्या आठवड्याला फिरू लागल्या. दोनचार महिन्यांत त्याची मोजणी चुकू लागली. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. नंतर एके दिवशी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. साहेबाने त्याला आरोपपत्र दिले: उद्धट वर्तन, आज्ञाभंग. चौकशीत त्याचा प्रतिनिधी म्हणून आम्हीच बसलो होतो. अधिकाऱ्याने विचारले, ‘आरोप कबूल आहे का?’ तो म्हणाला, ‘कबूल आहे का.’ अधिकाऱ्याने लिहिले, कबूल आहे. आम्ही शेजारी होतो. आम्ही हरकत घेतली नाही. आमच्या डोक्यात त्या दिवशी बोनसची वाटाघाट होती, आणि खरे सांगावयाचे तर पोरगा उर्मट आहे असे आम्हांलाही वाटत होते. हिशेब काढून देऊन त्याला घरी पाठविले, आणि हिशेब चांगला मिळवून दिला म्हणून आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढे काही वर्षांनी एक लांबलेला संप मोडला आणि आमचीच गत विचित्र झाली. टपाल फोडावेसे वाटेना. फाटकावर भाषणाला उभे राहिलो तर पुढचा शब्द सापडेना. झोप लागे पण थकवा जाईना. घरच्यांनी साखर, रक्तदाब, सर्व तपासून घेतले. त्या दिवसांत वाचनालयात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्याविषयी वाचावयास मिळाले. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात रात्रीअपरात्री राबणारे स्वयंसेवक, आणि ते स्वतःही, कसे आतून जळून गेले हे त्यांनी 1974 साली लिहिले, आणि बर्नआउट हा शब्द तेव्हापासून वैद्यकीय लिखाणात रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याची व्याख्या करताना एक नेमकी गोष्ट म्हटली: हा आजार नव्हे, कामाच्या जागी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी ही अवस्था आहे. म्हणजे दोष शोधावयाचा तो कामाच्या मांडणीत. आम्ही युनियनवाले हेच तर जन्मभर सांगत आलो, फक्त मनाविषयी कधी सांगितले नाही.

आमची रजा सहा महिन्यांची झाली आणि आम्ही उठलो. तो तरुण मात्र उठला नाही, आणि त्याचे कारण आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. स्वमग्न माणसांचे थकणे निराळे असते. 2020 साली अमेरिकेत डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांनाच विचारून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले: महिनोन्‌महिने टिकणारा थकवा, येत असलेल्या गोष्टी येईनाशा होणे, आवाज आणि उजेड सहन न होणे, आणि याचे मूळ, आपण इतरांसारखेच आहोत असे दिवसभर दाखवीत राहण्याच्या कष्टांत, आणि अपेक्षा व आधार यांचा मेळ नसण्यात. बुटाची नाडी! ते वाचताना ती आमच्या डोळ्यांपुढे आली.

कायदाही या वाटेवर सावकाश आला. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण तो कायदा मुख्यतः पालकत्वाचा व सांभाळाचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार झाले, त्यांत ती आहे; आणि प्रत्येक आस्थापनेने, खाजगी असली तरी, समान संधीचे आपले धोरण जाहीर करावे असेही त्यात आहे. आपल्या पट्ट्यातल्या किती कारखान्यांच्या फलकांवर ते लावलेले दिसते, हे आपण जाऊन पाहावे. दरम्यान 1998 सालापासून परदेशात न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द रुळला आहे. जूडी सिंगर या ऑस्ट्रेलियन बाई तो रूढ करणाऱ्यांपैकी. अर्थ असा की रानात जशा झाडांच्या जाती, तशा मनांच्याही. डहाणूकरांस हे समजावयास कठीण नाही. 1991 सालीच आपला तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून सरकारने जाहीर केला, आणि एका जातीच्या झाडांनी रान होत नाही हे आपण तेव्हापासून कोर्टकचेऱ्यांत सांगत आहो. आमची एकच पुस्ती आहे. हा शब्द वापरणारे पुष्कळ लोक संगणकावर काम करणारे, शिकलेले असतात, आणि निराळ्या मनाचे कौतुक ते त्याच्या हुशारीसाठी करतात. ज्याला शंभर मोजता येत नाहीत त्याचे काय, हे विचारीत राहणे आमच्यासारख्यांचे काम आहे.

त्या तरुणाला आम्ही गेल्या पावसाळ्यानंतर भेटून आलो. आता तो चाळिशी ओलांडलेला आहे. चिकूच्या एका वाडीत आकार पाहून फळे निवडण्याचे काम करतो, दिवसाचे चार तास, शेडच्या एकाच कोपऱ्यात. आम्ही चौकशीच्या दिवसाचा विषय काढला आणि माफी मागितली. त्याने चिकू खाली ठेवला नाही. त्याच्या बहिणीने चहा दिला आणि म्हणाली, ‘भाऊ, त्याला पाळी बदलली नसती तर झाले असते.’ सारी चौकशी, आरोपपत्र, हिशेब, आणि त्या माउलीला एका वाक्यात जे सांगता आले ते आम्हां प्रतिनिधींस तेव्हा सुचले नव्हते.

यंदाच्या मागणीपत्रात आमच्या युनियनने एक नवे कलम घातले आहे. ज्या कामगारास गरज असेल त्याची जागा व पाळी त्याच्या संमतीवाचून बदलू नये; आवाजाच्या खात्यात कान झाकण्याची साधने द्यावीत; आणि चौकशीत प्रश्न लेखी द्यावेत व उत्तरास एक दिवसाची मुदत असावी. आमच्याच कार्यकारिणीत यावर दोन तास वाद झाला. एकजण म्हणाला, यामुळे सगळेच खिडकी मागतील. दुसरा म्हणाला, मागू देत. वाटाघाटीत व्यवस्थापनाने कान झाकण्याची साधने मान्य केली, लेखी प्रश्नांवर विचार करू म्हणाले, आणि पाळीचे कलम राखून ठेवले. पुढची बैठक जूनमध्ये आहे.